घरात ९६ वर्षांची आई असेल तर

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आईच्या पाया पडतो आणि उठता उठता विचारतो, "आजी, एवढ्या आयुष्याचं रहस्य काय हो?" आई उशाजवळच्या डबीकडे बोट दाखवते. "मशेरी." पाहुणा हसतो, मी कपाळाला हात लावतो. फ्रान्समधल्या जान कालमां नावाच्या बाई १९९७ साली वारल्या तेव्हा १२२ वर्षं १६४ दिवसांच्या होत्या, आणि त्याही कित्येक वर्षं सिगारेट ओढत होत्या. मशेरीनं आयुष्य वाढत नाही, तोंडाचं वाटोळं होतं, हे मी आईला वीस वर्षं सांगतोय. पण रहस्य विचारत बसण्यात अर्थ नाही, एवढं मला त्यातून कळलं. माणूस शंभरीला टेकलंय, आता त्याचा आजचा दिवस बरा कसा जाईल, हे विचारावं.

मी स्वतः ६८ वर्षांचा. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. माझे गुडघे दुखतात, मंडळींना साखर आहे, आणि आम्ही दोघं मिळून आईला सांभाळतो. आजकाल बऱ्याच घरांत हेच चित्र आहे, म्हाताऱ्याच्या हाती अतिम्हातारं. हे मी डॉक्टर म्हणून लिहीत नाही. चुका करून जे कळलं ते लिहितोय.

वय आधी नक्की करा

आईच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९३३ आहे. ती शाळेची पायरी चढली नाही, त्यामुळे लिहिणाऱ्यानं ठोकून दिली. (माझी तरी कुठं खरी आहे? आमच्या वर्गातली निम्मी पोरं १ जूनला जन्मलेली.) खरं वय काढायचं तर सालं विचारू नका, घटना विचारा. आई म्हणते, "पत्री सरकारच्या वक्ताला माझं लगीन झालं. गांधी लगीन. हार घातलं, पत्ताशा वाटल्या, झालं." पत्री सरकार म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, १९४३ ते १९४६. लग्नात ती पंधरा-सोळाची होती म्हणते. म्हणजे जन्म १९२९ च्या आसपास, आणि आज वय ९६, एखादं वर्ष इकडंतिकडं. कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७, तेव्हा पहाटे मला काखोटीला मारून अंगणात पळाली, ते तिला कालच्यासारखं आठवतं. मी दहा वर्षांचा घोडा होतो, तरी उचललं.

याचा व्यवहारात उपयोग असतो. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनात ८० नंतर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली की दुप्पट. राज्याचे दर कोषागारात विचारा. कार्डावरची चार वर्षं मागं-पुढं म्हणजे चार वर्षांचे पैसे. पण त्याहून मोठा फायदा असा, की वय मोजायला बसलात की चार संध्याकाळी गप्पांत जातात.

काम काढून घेऊ नका

माझी सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

तीन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण मी घाबरलो. दुसऱ्या दिवसापासून कारभार सुरू केला. विळी माळ्यावर. चुलीपाशी जायचं नाही. दाराची आतली कडी काढून टाकली. तिचा पैशांचा बटवाही मी कपाटात ठेवला, "तुला काय लागेल ते सांग, आम्ही देतो ना" म्हणून. मऊ गादी आणली, टीव्ही तिच्या खोलीत लावला. येणारे-जाणारे म्हणायचे, मुलगा असावा तर असा.

आई महिन्याभरात गप्प झाली. विचारलं तर "बरं हाय". जेवण निम्म्यावर आलं. दिवसा झोपायची, रात्री जागी. मला वाटलं, आता वय झालं, दिवा मंद होत चाललाय.

दसऱ्यानंतर शेजारच्या वहिनींनी घेवड्याची पाटी आणून सोप्यात टेकवली. आमच्या भागातला वाघ्या घेवडा, तांबूस दाण्यावर वाघासारखे पट्टे असलेला. पाटी ठेवून त्या पोराच्या मागं पळाल्या. मी बाहेरून आलो तर आई भिंतीला टेकून, पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन बसलेली. मोतीबिंदू काढूनही तिला बारीक दिसत नाही. डोळे दाराकडं होते आणि बोटं घेवड्यात. अंगठा आणि पहिल्या बोटात एकेक दाणा फिरवायची. गुळगुळीत लागला तर सुपात उजवीकडं, सुरकुतलेला डावीकडं, खडा लागला तर उंबऱ्याबाहेर. खडा पडल्याचा आवाज आला की मान जरा हलायची, हिशोब लागल्यासारखी. दीड तासानं म्हणाली, "च्या टाक बाळ्या. आन् ह्या वैनीला सांग, पोत्यात खडं लई हैत, यापाऱ्यानं फसवलंय." तीन महिन्यांत तिनं एका दमात एवढं बोललं नव्हतं.

तेव्हापासून कामाचं वेळापत्रक तिच्या कलानं लावलंय. उन्हाळ्यात चिंचेतले चिंचोके काढणं, मे महिन्यात पेरणीसाठी शेंगा फोडणं, दसरा-दिवाळीला घेवडा, आणि बारमाही लसूण सोलणं, वाती वळणं. शहरातल्या घरात घेवड्याची पाटी येणार नाही, पण मेथी निवडायची असतेच. कपड्यांच्या घड्या असतात, आजोबांना हिशोबाची वही देता येते. कामाबद्दल दोन गोष्टी पाळा.

पहिली, काम खोटं नको. एकदा घरात निवडायला काहीच नव्हतं. मी शहाणपणा करून आदल्या दिवशीच्या साफ घेवड्यात मूठभर खडे मिसळले आणि पाटी तिच्यापुढं सरकवली. तिनं चार-पाच दाणे फिरवले आणि हात थांबला. "ह्यो कालचाच घेवडा हाय. माझ्या हातनं गेलेला." मी काहीबाही बोललो. ती रागावली नाही, पाटी हळूच माझ्याकडं ढकलली. तो दिवस आम्हा दोघांनाही वाईट गेला. काम नसेल तर "आज काम नाही" म्हणून सांगावं. रिकामा दिवसही माणूस सहन करतं, पण पोरखेळ सहन करत नाही.

दुसरी, तिनं केलेलं परत तिच्यासमोर करू नका. लसणाचं साल एखाद्या पाकळीला राहिलं तर राहू द्या. मंडळींनी एकदा आईसमोरच पाकळ्या पुन्हा सोलल्या. "आत्या, तुमचं लक्ष नव्हतं वाटतं," एवढंच म्हणाली. आठवडाभर आईनं लसणाला हात लावला नाही.

माझी भाची पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मामा, तुझ्या घेवड्याचा प्रयोग अमेरिकेत १९७६ सालीच झालाय. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा, हे रोपटं तुमचं, पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटी दिली, पण त्यांना सांगितलं की पाणी नर्स घालतील. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हसती-बोलती झाली होती. मी त्याच दिवशी बटवा आईला परत केला. त्यात तीनशे वीस रुपये होते, तिनं मोजून घेतले.

कडी मात्र परत लावली नाही. तिथं मी ऐकलं नाही, तिनंही अजून सोडलेलं नाही. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी आणि खाली खरखरीत फरशी बसवली. हे पडायच्या आधी करायचं असतं.

विचारायचं कसं

"काय खाणार?" असं मोकळं विचारलं की उत्तर येतं, "काय बी." दोन गोष्टी पुढं ठेवा. भाकरी दुधात कुस्करू की आमटीत? आज अंघोळ सकाळी की ऊन आल्यावर? ती सांगेल ते करा, तुम्हाला गैरसोयीचं असलं तरी. दहातल्या नऊ गोष्टी आपण तिला न विचारता ठरवतो. उरलेल्या एकीत तरी तिचं चालू द्या.

२०२४ च्या निवडणुकीत ८५ वर्षांवरच्यांना घरबसल्या मतदानाची सोय होती. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-डी नमुना भरून द्यायचा, मग माणसं घरी येतात. मी नमुना आणला, अर्धा भरलाही, आणि मग तिला सांगितलं. "मी साळंत जाऊन टाकनार. घरात बसून कसलं मत?" चौघांनी खुर्चीवर बसवून नेलं. रांगेतल्या लोकांनी वाट दिली, शाई लावलेलं बोट तिनं आठ दिवस लोकांना दाखवलं. तुमच्या आजोबांना घरीच सोयीचं वाटेल, तेही बरोबर. पण नमुना भरायच्या आधी विचारा, माझ्यासारखं नंतर नको.

ऐकू येत नाही म्हणून ओरडू नका

म्हातारपणी बारीक, उंच आवाज आधी जातात. म्हणून पोरांचं आणि बायकांचं बोलणं कळत नाही, आणि आपण ओरडलो की आपलाही आवाज चढून बारीक होतो. समोर बसा, तोंडावर उजेड येईल असं, आणि खालच्या पट्टीत सावकाश बोला. टीव्ही बंद करा. यंत्र घ्यायच्या आधी कानातला मळ काढून घ्या. आमच्या आईला एका कानानं त्यानंच बरंच ऐकू यायला लागलं. यंत्र आणलंय, ते डबीत असतं. पाहुण्यांमध्ये आई लावते, घरात नाही. "तुमचं रोजचंच बोलनं, काय ऐकायचं?"

आणि पाहुण्यांना उंबऱ्यावरच सांगा, "ओळखलं का मला?" असं विचारायचं नाही. ही परीक्षा आहे, आणि ती चारचौघांत नापास होते. सरळ सांगावं, "मी अमक्याचा धाकटा, वडूथचा." मग बघा ती तुमच्या आज्याच्या बैलाची नावं सांगते की नाही.

बरोबरीचं माणूस

आईची चार मुलं, त्यातली दोन गेली. नवरा गेला, जावा गेल्या, शेजारणी गेल्या. एकदा ती म्हणाली, "मला म्हायेरच्या नावानं हाक मारनारं कुनी ऱ्हायलं न्हाई." मला तिचं माहेरचं नाव माहीत होतं, पण मी कधी उच्चारलं नव्हतं. मुलगा कसा उच्चारणार?

शोध घेतला तर तिच्या चुलत बहिणीचा पत्ता लागला, ९१ वर्षांची, खटाव तालुक्यात एका वाडीवर. आधी व्हिडिओ कॉल लावून बघितला. दोघींनाही फोनमधली बाई कोण ते कळेना. मग न्यायचं ठरवलं. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, पण माझ्या लाडक्या एसटीची पायरी आईला आता चढवत नाही. ओळखीच्या वडापवाल्याची गाडी ठरवली, पुढच्या सीटवर दोन उशा, वाटेत दोनदा थांबून पाणी.

दोघी शेजारी बसल्या. मावशीनं आईला नावानं हाक मारली, एकदाच. मग दोघींनी एकमेकींचे हात बघितले, बांगड्या चाचपल्या, कोण कधी गेलं याची उजळणी केली, आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, एवढा खर्च करून आणलं आणि या गप्प. परतताना आई म्हणाली, "लई बोललो." आता वर्षातून दोनदा नेतो. गाडीभाडं पोराला पाठवायला सांगतो, तोही खूश असतो.

"वय झालं" म्हणून सोडायच्या नसतात अशा गोष्टी

हे थोडक्यात, पण कपाटावर लिहून ठेवा. मागच्या पावसाळ्यात आई एका रात्रीत बिथरली. अंधारात उठून बैलांना हाका मारायला लागली, मला ओळखेना. ज्यांना दाखवलं ते म्हणाले, वयोमानानुसार होतं. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी विचारलं, "लघवी तपासली का?" लघवीला जंतुसंसर्ग होता. औषध सुरू झालं, पाचव्या दिवशी आई मला म्हणाली, "दाढी कर, बावळा दिसतोस." माणूस हळूहळू विसरायला लागलं तर ती एक गोष्ट. पण एक-दोन दिवसांत बदललं तर आजार आहे असंच धरून चाला. लघवी, छाती, पाणी कमी पडणं, पोट साफ नसणं, नवीन गोळी, हे सगळं बघून घ्या.

तहान लागलेली या वयात कळत नाही, म्हणून मागायची वाट न बघता घोट घोट द्या. अंथरुणातून उठताना आधी कडेला बसवा, दोन मिनिटं पाय खाली, मग उभं करा. वर्षातून एकदा सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांपुढं ओता आणि यातल्या कुठल्या बंद करता येतील ते विचारा. आईच्या सातच्या चार झाल्या, आणि बंद झालेल्यांत झोपेची होती, जिच्यामुळं ती रात्री झोकांड्या खायची. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर दर दोन तासांनी कूस बदला. वेळ आली की घड्याळ लावून करावं लागतं, मनावर ठेवून होत नाही.

मरणाचं बोलली तर

आई मरणाबद्दल असं बोलते, जशी माझी एसटी लेट झाली तर लोक बोलायचे. "कधी येतीया कुनास ठाऊक." आधी मी दरवेळी म्हणायचो, "असं अभद्र बोलू नये." मग लक्षात आलं, अभद्र मला वाटत होतं, तिला नाही. मी गप्प केलं की ती मंडळींशी बोलायची, माझ्या माघारी.

ट्रंकेत तिनं जाताना नेसायचं लुगडं ठेवलंय, इरकल, डांबराच्या गोळ्या घालून. दर मे महिन्यात ते दोरीवर ऊन खातं. मागच्या वर्षी पणतवाच्या बारशाला आई तेच नेसून बसली. मी हबकलोच. "आई, ते तर..." म्हणाली, "मग काय झालं? येवढं चांगलं लुगडं मातीत घालायचं? मला दुसरं आन." दुसरं आणलं. त्यावरही तिचा डोळा आहे असा मला संशय आहे.

बोलली तर बसून ऐका, आणि सहज विचारून घ्या. दवाखान्यात न्यायचं का? नळ्या घालायच्या का? कुणाला बोलवायचं? आईचं उत्तर तयार होतं. नळ्या नकोत, आणि शेवटी सोप्यात ठेवा, आतल्या खोलीत नको, तिथून रस्ता दिसत नाही. हे कागदावरही करता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. ते शुद्धीवर, धडधाकट बोलत असतानाच करायचं.

पण एक फरक ओळखायला शिका. "आता बोलावणं यावं" म्हणून पुढच्या मिनिटाला चहात साखर कमी आहे म्हणणारं माणूस खुशाल आहे. तेच वाक्य भिंतीकडं तोंड करून, जेवण सोडून, पणतू आला तरी न वळता आलं, आणि आठ-पंधरा दिवस तसंच राहिलं, तर ती उदासी असते. नव्वदीतही तिच्यावर उपचार होतात, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. बटवा कपाटात होता त्या तीन महिन्यांत आई भिंतीकडं तोंड करून झोपायची, आणि मला ते दिसत असूनही कळलं नव्हतं.

हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरला वडिलांच्या पेन्शनसाठी आई जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. वडील प्राथमिक शिक्षक होते. बँकेतल्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही, ऐंशी वर्षं घेवडा निवडून आणि भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत. एका वर्षी काउंटरवरचा पोरगा तिच्यासमोर मलाच विचारत होता, "आजींना समजतं का?" आई म्हणाली, "समजतं. तुला किती समजतं ते बघायला आले." आता मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो. जीवन प्रमाणचं ॲप असतं, आधारचं चेहरा ओळखायचं ॲपही सोबत टाकावं लागतं. उजेडात बसवा, चष्मा काढा, फोन डोळ्यांच्या पातळीवर धरा.

यंदा सोप्यातच काढला. आईनं आधी पदर सारखा केला, मग विचारलं, "कुनाला दावायचं?"

"सरकारला. तू हायेस म्हणून."

फोनवर डोळे मिचकावा अशी सूचना आली, मी वाचून दाखवली. तिनं मिचकावले. जमलं नाही, परत मिचकावले. तिसऱ्यांदा हिरवी खूण आली.

"झालं न्हवं?" ती म्हणाली. "मग ती पाटी हिकडं सरकव."